सामान तू धर

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लांबूनच घे. वाकायचं म्हटलं की गुडघा आधी अर्ज करायला लावतो.

हे सगळं फोनवर बोलता आलं नसतं. तुला ऐकू कमी येतं म्हणून तुझा फोन कायम मोठ्या आवाजावर, आणि मग तुझी लेक, जावई, नातू सगळे हॉलमध्ये बसून माझं बोलणं बातम्यांसारखं ऐकतात. परवा मी नुसतं "पोट साफ नाही" म्हटलं तर मागून जावईबापूंनी काढा सुचवला! तेव्हापासून कानाला खडा. महत्त्वाचं असेल ते पत्रात.

तर महत्त्वाचं असं, की माझ्याकडून दूध उतू गेलं. शेजारीण दारात बोलत उभी होती, मी बोलण्याच्या नादात गॅस विसरले, पातेलं जळून कोळसा. बास, एवढंच. पण नेमका त्याच वेळी माझा चिरंजीव जिना चढून आला आणि घरातला धूर बघून त्याचे डोळे पांढरे झाले. त्या दिवसापासून एकच धोशा. "आई, आता एकटी राहायचं नाही. हे घर बंद करू, तू आमच्याकडे ये." खोलीसुद्धा रिकामी करून ठेवलीय म्हणे. मला विचारलं कधी? खोली झाडून झाल्यावर!

अगं, दोनच खोल्या आहेत, पण त्या मी उभ्या केल्यात. ह्यांच्या मागे इस्पितळातली लिफ्ट चालवून. लोक हसायचे, की ही बाई जन्मभर वर-खाली करते आणि कुठे पोचत नाही. मी पोचले की! चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या दाराशी, स्वतःची किल्ली घेऊन. सकाळी खिडकीत पाय पसरून बसते तेव्हा मला कुणाच्या बापाची भीती वाटत नाही.

आता दोन आठवड्यांनी सगळे एका बेटावर सुट्टीला निघालोत. समुद्र, नारळाची झाडं, ऊन, सगळं आहे म्हणतात. मलाही नेताहेत. पण तिथून परत आल्यावर "किल्लीचं ठरवून टाकू" असं त्याने आत्ताच बजावलंय. म्हणजे आधी फिरवून आणायचं आणि मग कोंडायचं. यामागे सूनबाईचं डोकं असणार, मला खात्री आहे. माझा मुलगा एवढा पुढचा विचार करणारा नाही.

तू लेकीकडे राहायला जाऊन वर्ष होऊन गेलं. तू शाळेची मुख्याध्यापिका होतीस, तुला खोटं खपत नाही. मला खरं सांग. कसं वाटतं?

तुझी
चिंगी


१२ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद. अक्षर अजून तुझ्या लिफ्टसारखंच, एक ओळ वर, एक खाली. रेघांचा कागद घेत जा.

विचारलंस म्हणून सांगते, मी मजेत आहे. मला स्वतंत्र खोली आहे, तिला खिडकी आहे. नातवाची सायकल आणि जावईबापूंच्या काही पेट्या माझ्याकडेच ठेवतात, पण मला एकटीला एवढी जागा लागते कशाला? चहा वेळेवर हातात येतो. स्वयंपाकघरात मला जाऊ देत नाहीत, म्हणजे जायची गरजच पडत नाही. लेकीने मऊ सपाता आणून दिल्यात, घरात वावरायला फार छान. आता बाहेरच्या चपला लागतसुद्धा नाहीत. पत्र टाकायचं असेल तर जावईबापू येता-जाता टाकतात.

आपल्या वयाला हट्ट शोभत नाही. मुलं काळजीपोटी बोलतात. तुझा मुलगा गुणी आहे, तो तुला रस्त्यावर नाही काढत, घरात घेतोय. किल्ली दे आणि मोकळी हो. मी नाही का झाले?

आणि तिकडे बेटावर कसले कसले खेळ असतात असं नातू सांगत होता. तू लहानपणी पाण्याच्या टाकीवर चढून बसली होतीस आणि उतरवायला चार माणसं लागली होती, हे मी विसरलेली नाही. सावलीत बस. टोपी घाल. शोभा करू नकोस.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

ताई,

आज अक्षराला नावं ठेवू नकोस, दोन्ही हात खांद्यापासून ठणकताहेत. का ते सांगते. आधी खाली बस.

सगळे समुद्रावर गेलेत. मी हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसून लिहितेय. चिरंजीव माझ्याशी बोलत नाही. कालपासून तोंड फुगवून बसलाय, लहानपणी सॅंडल हरवला की बसायचा तसा.

काल त्यांचा 'साहसाचा दिवस' होता. गाडीत घालून नेतात आणि दिवसभर माणसाला घाबरवतात, तेही माणसाच्याच खर्चाने. सकाळी खारफुटीच्या झाडांतून लहान होड्या वल्हवायच्या, मग तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे, आणि दुपारी तारेला लटकून नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर. मी आदल्या दिवशी हौसेने विचारलं, "मी कुणाच्या होडीत?" तर चिरंजीव म्हणाला, "आई, तू आपली सावलीत बस. सामान सांभाळायला कुणीतरी लागतंच ना."

कुणीतरी! ऐकलंस?

बसले. तुझी आठवण काढून टोपीसुद्धा घातली. होड्यांच्या धक्क्यावर बाक होता, त्यावर मी. मांडीवर त्यांचे मोबाइल, गळ्यात पाकिटांची पिशवी, हातात चष्मे, पायाशी सगळ्यांच्या चपला. ते भिजून हसत परत आले, माझ्या खांद्यावरचे टॉवेल ओढून घेतले, आणि चला पुढे. मासे बघायच्या जागी पुन्हा तेच. तिथे तर एक परकी बाई आली आणि म्हणाली, "तुम्ही बसलाच आहात, तर आमचीही पिशवी बघाल का?" बघितली गं. मला चिडायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे.

चपला ओळीने मांडत बसले होते तेव्हा आपली एक जोडी आठवली. तुझी सकाळची शाळा, माझी दुपारची, आणि वाटेतल्या नळाशी तू चपला काढायचीस आणि मी घालायची. कधी कधी तू मुद्दाम उशीर करायचीस आणि मी अनवाणी नळाशी उभी. तेव्हा तुझा जेवढा राग यायचा तेवढा राग मला काल दुपारी आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

तारेच्या जागी उंच झाडाला लाकडी माचा बांधलाय. मी खालीच बसायचं ठरलं होतं. पण मी सामान घेतलं आणि जिना चढून वर गेले. कुणी अडवलं नाही. इस्पितळात तीस वर्षं बघितलंय, हातात सामान असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही कुठे चाललास म्हणून.

वर पोचले तोवर सूनबाई आणि नात पलीकडे जाऊन उभ्या होत्या, हात हलवत. माच्यावर चिरंजीव, मी, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला तिथला शिक्षक. शिट्टीवाल्याने माझ्याकडे बघत माझ्या मुलाला विचारलं, "आजी पण जाणार का?"

"छे छे, त्या सामान धरायला आल्यात."

ताई, तेव्हा मी चिडले. म्हटलं, "आजीला विचारा. आजी इथेच उभी आहे."

शिट्टीवाला गोरामोरा झाला. म्हणाला, "तसं नाही, आजी, वजन बघावं लागतं." मी म्हटलं, मग बघा की! काट्यावर उभी राहिले तर त्याने गळ्यातली पिशवी काढायला लावली, लबाडी पकडली माझी. तरी कमीत कमी जेवढं लागतं त्याच्या वर भरले, थोडीशीच. गुडघा दाबून बघितला, छातीचं काही दुखणं आहे का विचारलं, औषधं विचारली. मग म्हणाला, "जाऊ शकतात."

"नाही म्हणजे नाही," चिरंजीव म्हणाला. "आई, वेडेपणा करू नकोस. तुला काही झालं तर?"

मी त्याच्या एका हातात मोबाइल दिले, दुसऱ्या हातात चष्मे दिले, पाकिटांची पिशवी त्याच्या गळ्यात अडकवली आणि टॉवेल खांद्यावर टाकले.

"सामान तू धर," म्हटलं.

पट्टे बांधले, हेल्मेट घातलं, उजव्या हातात जाड कातडी हातमोजा. शिट्टीवाल्याने तीन तीनदा बजावलं, की पलीकडचा माणूस हात वर करेल तेव्हाच मोज्याने तार दाबायची, त्याच्या आधी नाही. मी मान डोलावली. आणि त्याने सोडलं.

ताई, काय सांगू! खाली नदी, नारळाची झाडं चक्क वरून दिसतात, कानात वारा. आयुष्यभर वर-खाली केलं गं मी, पण त्या डब्याला खिडकी कुठे होती? मला इतका आनंद झाला की मी ओरडले. काय ओरडले ते मुख्याध्यापिकेला सांगण्यासारखं नाही.

आणि मग घोटाळा केला. आमची जुनी लिफ्ट दांड्याची होती, आठवतं? मजला यायच्या बराच आधी दांडा मागे घ्यायचा, तरच फरशीला फरशी लागते, नाहीतर स्ट्रेचरची चाकं अडतात. समोरचा माचा जवळ यायला लागला आणि माझ्या हाताने मला न विचारता दांडा मागे घेतला. दाबली तार. पलीकडच्या माणसाने हात वर केलेलाच नव्हता. मी हळू झाले, आणखी हळू झाले, आणि नदीच्या बरोबर मध्यावर थांबले.

मागून चिरंजीवाचा आवाज. "आई! हलू नकोस! अहो, कुणीतरी काहीतरी करा!" त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी अडकलेल्या माणसांना इतकी वर्षं जे सांगत आले तेच माझ्या तोंडून निघालं. "घाबरू नकोस रे! पडले नाहीये, नुसती थांबलेय!"

पलीकडचा माणूस मला आणायला तारेला अडकायला लागला. मी हात केला, नको. भीती वाटली नाही असं नाही, वाटली. पण चिरंजीव बघत होता. मला आणायला माणूस आला असता, तर तेच चित्र त्याच्या डोळ्यांसमोर जन्मभर राहिलं असतं, आणि किल्ली गेली असती. तेवढ्यात सूनबाई तिकडून ओरडली, "आई, उलट्या वळा! पाठ आमच्याकडे! तार धरा आणि हात मागे टाकत ओढा!" चिरंजीव ओरडतोय, "त्या माणसाला येऊ दे!" आणि ही ओरडतेय, "आई, ओढा! जमतंय!"

वळले. ओढायला लागले. हातामागे हात, हातामागे हात. दम लागला की लटकून राहायची आणि जरा झाडं बघायची. तोंड चिरंजीवाकडे होतं, त्यामुळे तो मला सबंध वेळ दिसत होता. गळ्यात पिशवी, दोन्ही हात भरलेले, खांद्यावर टॉवेल. माझ्या जागेवर उभा. रडत होता बहुतेक, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पाठ माच्याला लागली तेव्हा नातीने मागून मिठी मारली आणि सूनबाई म्हणाली, "आई, मला तर वाटलं तुम्ही मुद्दाम थांबलात." चिरंजीवाला मात्र सामान घेऊन तारेवरून येता येईना. तो जिना उतरून, पुलावरून, लांबच्या वाटेने चालत आला. त्याची पाळी हुकली ती हुकलीच.

संध्याकाळी जेवताना फुटला. "तुला काही झालं असतं तर?" मी म्हटलं, "काय झालं? चूक केली, अडकले, आणि स्वतःची स्वतः बाहेर आले. दूध उतू गेलं तेव्हाही तेच झालं होतं. गॅस मीच बंद केला, खिडक्या मीच उघडल्या, तू फक्त धूर बघितलास. मी किल्ली देणार नाही."

तो सूनबाईकडे बघायला लागला. मला वाटलं आता ही तोंड उघडणार. उघडलं तिने. म्हणाली, "मी पहिल्यापासून नको म्हणतेय. सगळ्या जगात आईंचं घर ही एकच जागा आहे जिथे मी पाय पसरून आयतं खाते. तेही बंद करू का?"

मी तिच्याबद्दल तुला काय काय लिहिलं होतं ते सगळं फाडून टाक.

एक गोष्ट मात्र टोचतेय. काल एवढ्या चपला सांभाळल्या म्हणून असेल. तू लिहिलंस, चपला लागत नाहीत. मग तू बाहेर जातच नाहीस? ताई, तू खुशाल आहेस ना? मजेत आहेस का, ते नाही विचारत. खुशाल आहेस ना?

तुझी
चिंगी


४ मार्च

प्रिय चिंगी,

तुझ्या मुलाचा फोन आला होता. आम्ही सर्वांनी ऐकला. तू जे केलंस ते ऐकून आम्हा सर्वांना धक्का बसला. या वयात असं वागणं बरं नव्हे. तू मुलाचं ऐकावंस आणि त्याच्याकडे राहायला जावंस असं आम्हा सर्वांचं मत आहे. इथे मी किती सुखात आहे हे तू जाणतेसच. जावईबापूही हेच म्हणतात.

चहा आला, जरा थांबते.

दार लावून घेतलंय. वरचं लेक शेजारी बसली असताना लिहिलं. आता मी लिहिते.

तू विचारलंस तो प्रश्न मी दहा वेळा वाचला. मला कुणी विचारत नाही गं. सगळे एकमेकांना सांगतात, "त्या मजेत आहेत."

चपलांचं खरं सांगते. पावसाळ्यानंतर एकदा मी मंडईत गेले होते. तिथे माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई भेटल्या. बागेच्या बाकावर बसलो आणि बोलता बोलता अंधार पडला. घरी आले तर ही गर्दी. लेकीने शेजारीपाजारी शोधायला धाडले होते. मला बघून ती ओरडली असती तर मी भांडले असते, तुला माहीत आहे मी कशी भांडते ते. पण ती माझ्या गळ्यात पडून रडली. रडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? दुसऱ्या दिवशी माझ्या चपला माळ्यावर गेल्या आणि सपाता आल्या. प्रेमानेच ठेवल्यात गं वर, म्हणून तर बोलता येत नाही.

मी तुला किल्ली दे म्हणून लिहिलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. तूही दिली असतीस तर मला वाटलं असतं, हे असंच असतं, सगळ्यांचंच. तू दिली नाहीस आणि मला तुझा इतका राग आला की दुपारी जेवले नाही. आणि मग राग तुझा नव्हताच असं लक्षात आलं.

मध्यावर थांबलीस तेव्हा खाली बघितलंस का? मी बघितलं नसतं. नाही, बघितलं असतं. पट्टे कुठे कुठे बांधतात? काचतात का? हे सविस्तर लिही. तू पत्रात महत्त्वाचं नेहमी गाळतेस.

किल्ली देऊ नकोस. खबरदार दिलीस तर.

ताई


१३ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेकडो पोरींना घरातून बाहेर काढून शाळेत बसवणारी बाई तू, आणि तुझ्या चपला माळ्यावर! मी फोन उचललासुद्धा होता. मग आठवलं, सगळे ऐकणार. आणि तुझं भांडण मी भांडले तर ते माझं होईल. तूच बोल. माळ्यावर मात्र चढू नकोस हं. पडलीस तर त्यांना आयतं कारण मिळेल. सरळ माग. "माझ्या चपला काढून द्या" एवढं एकच वाक्य आहे.

लेक रडली तर रडू दे. पाठीवरून हात फिरव, आणि रडून झालं की पुन्हा तेच वाक्य म्हण. मीसुद्धा माझ्या पोराचं रडणं बघत बघतच तार ओढली. मला काय बरं वाटत होतं? पण थांबले असते तर दोघंही तिथेच लटकलो असतो.

पट्टे मांड्यांना आणि कमरेला बांधतात. काचतात. दुसऱ्या दिवशी बसवत नाही. आणि हो, खाली बघितलं. पोटभर बघितलं.

आता माझ्याकडची खबर. रविवारी चिरंजीव आला. बोलत नव्हताच, हातात खोकं. मला वाटलं सामान भरायला आणलं. मी दारातच उभी राहिले, आत येऊ देईना. तो म्हणाला, "आई, सरक तरी." उघडलं तर आत दूध तापवायचं भांडं, शिट्टीचं. दूध तापलं की शेजारच्या इमारतीला कळेल एवढ्या जोराने वाजतं. त्याने स्वतः ओट्याशी उभं राहून दूध तापवून दाखवलं, मला येत नसल्यासारखं. मी शिकून घेतलं. शिट्टी झाली तेव्हा दोघंही दचकलो आणि मग त्याला हसू आलं. म्हणाला, "मी त्या दिवशी फार घाबरलो होतो." मी म्हटलं, "मीही. पण तू सामान छान धरलंस."

चहा पिऊन गेला. किल्लीचं नावही काढलं नाही. मीच दुसऱ्या दिवशी जादा किल्ली करून सूनबाईला नेऊन दिली. मागितली असती तर दिली नसती, मनाने दिली.

आता तू निघून ये. कायमची का चार दिवस, ते इथे आल्यावर खिडकीत बसून ठरव. पलंग एकच आहे, पण लहानपणी तरी कुठे दोन होते? गाडी थेट येते, उतरलीस की समोरच मी. लेक दारात आडवी आली तर तिला सांग, आई पडली नाहीये, नुसती निघालीय.

वाट बघतेय. यावेळी नळाशी उभी करू नकोस.

तुझी
चिंगी


२४ मार्च

चिंगे,

हे पत्र मी पोस्टात बसून लिहिते आहे आणि मीच टाकणार आहे. पोस्टातल्या माणसाने पेन दिलं. माझं अक्षर बघून म्हणाला, "बाई शिक्षिका होत्या वाटतं." मी म्हटलं, मुख्याध्यापिका.

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मागितल्या. "माझ्या चपला काढून द्या." लेक रडली. मी पाठीवरून हात फिरवला. रडून झाल्यावर पुन्हा म्हटलं. जावईबापू मुकाट्याने शिडी लावून माळ्यावर चढले, बराच वेळ शोधत राहिले. मग लेकच हळूच म्हणाली, "आई, त्या नाहीत वर. मी मागेच देऊन टाकल्या. तुला लागणार नाहीत असं वाटलं."

चिंगे, मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "मला लागतात." आणि होते तशी निघाले, सपाता घालून. रस्त्यातल्या खड्यांनी तळवे सोलून निघालेत. लेक पुलापर्यंत मागून आली, मग शेजारून चालायला लागली. आत्ता दाराशी उभी आहे, माझा चष्म्याचा डबा आणि छत्री धरून. रडत नाही. वाट बघते आहे.

शनिवारच्या गाडीने येते. लेक नवीन चपला घेऊ म्हणाली, मी नको म्हटलं.

तुझी एक जोडी दाराशी काढून ठेव. आपलं माप एकच आहे.

ताई